गाव सापडले नाही

कोणतेही गाव मुळात कागदावर वसते. जमिनीवर ते नंतर, सवडीने पसरते. घरे, विहीर, शाळा आणि भाऊबंदकी असली की गाव झाले, असा एक भाबडा समज लोकांत आहे. त्या समजापायी कितीतरी गावे वर्षानुवर्षे कागदाशिवाय बिनदिक्कत राहत आली. या बेशिस्तीला आळा घालण्यासाठी ‘विस्मृत वस्ती शोध समिती’ नेमण्यात आली आणि मी तिचा सदस्य-सचिव झालो. (घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको म्हणाली, “बरं झालं. येताना बल्ब आणा.”)

काम सोपे होते. जुन्या टपाल कचेऱ्यांच्या नोंदी चाळायच्या, त्यांत ज्या गावाचा पुरावा सापडेल ते यादीत घ्यायचे. यादीबाहेरची जागा रिकामी समजून दगडाच्या खाणीला द्यायची. अशा रिकाम्या जागेवर माणसे आढळल्यास ती प्रवासी समजावीत, असे परिपत्रकात स्पष्ट होते. त्यांचा मुक्काम किती पिढ्यांचा आहे, याची चौकशी करण्याची कटकट आमच्यावर टाकलेली नव्हती.

आता नोंदींविषयी. टपालाचा नियम असा की पोहोचलेल्या पत्रांच्या वह्या दीड वर्षाने रद्दीत काढाव्यात. न पोहोचलेली पत्रे आणि तक्रारी मात्र कायम जपाव्यात. नियम उत्तमच आहे. झालेल्या कामाचा कागद हवाय कशाला? तर तळघरातल्या दोनशे बारा गोण्यांतून आम्ही सत्याऐंशी गावे शोधून काढली. त्यांतली नऊ गावे म्हणजे वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेले एकच गाव निघाले, आणि आणखी एक तर गाव नसून एका कारकुनाच्या सासऱ्याचे टोपणनाव होते. (ते यादीत आहे. पुरावा भक्कम होता.)

सर्वांत समृद्ध इतिहास मिळाला तो नदीपलीकडच्या एका गावाचा. तिथल्या टपालवाल्याने अकरा वर्षे पत्रे वाटलीच नाहीत, गोठ्याच्या माळ्यावर कोंबून ठेवली. त्याच्या आळसामुळे आज त्या गावाची जन्म, मरण, लफडी आणि वाटण्या चार खंडांत उपलब्ध आहेत. त्याचा अर्धपुतळा उभारण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

याच्या अगदी उलट डोंगरावरचे एक गाव. एकतीस घरे, एकशे अठ्ठेचाळीस माणसे, आणि दोनशे बारा गोण्यांतून एक चिठोरेही आमच्या हाती लागले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की त्या गावाला एकेचाळीस वर्षे एकच टपालवाला होता. लोक त्याला ‘बिनचूक’ म्हणत. त्याने प्रत्येक पत्र त्याच दिवशी, ज्याचे त्याच्या हातात दिले होते. कोणाची तक्रार नाही, काही परत आलेले नाही. एका माणसाने प्रामाणिकपणाच्या भरात अख्खे गाव पुसून टाकले होते.

बिनचूक निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती. त्यांची मुलगी गावच्या शाळेत शिक्षिका. खाणीचे मोजणीवाले शाळेच्या अंगणात खुंट्या ठोकून गेले, तेव्हा ती वडिलांना घेऊन आमच्या तळघरात आली. आमच्या अभिलेखपाल बाई मनाने हळव्या आहेत. (त्यांच्या गोपनीय अहवालात हा दोष नोंदलेला आहे.) त्यांनी पदर खोचून तीन दिवस गोण्या उपसल्या, आणि चौथ्या दिवशी दुपारी एक पाकीट सापडले.

पाकिटावर त्या गावाचे नाव होते, आणि आडवा शेरा: ‘गाव सापडले नाही.’ खाली शिक्का, सही, चौतीस वर्षांपूर्वीची तारीख. बिनचूक तेव्हा टायफॉइडने सहा दिवस अंथरुणाला खिळले होते, आणि बदलीवर आलेल्या माणसाने डोंगराकडे खालूनच बघून हा शेरा मारला होता. पाठवणारीने पाकिटावर आपला पत्ता लिहिला नव्हता, म्हणून पत्र परतही गेले नाही.

आम्हाला आनंदाचे भरते आले. गाव सापडले नाही असे सरकारी माणसाने लिहून दिले आहे, याहून गाव असल्याचा सबळ पुरावा कोणता? शिक्षिकेने तर डोळ्यांना रुमाल लावला. बिनचूक मात्र पाकीट हातात धरून पांढरेफटक पडले होते.

“हे शिवणवाल्या आक्कांचं आहे,” ते म्हणाले.

“आता समितीचं आहे,” मी समजावले.

“पत्त्यावर समितीचं नाव कुठंय?”

“बाबा, ठेवा ते,” मुलगी म्हणाली. “अख्खं गाव टिकणार आहे त्या कागदावर.”

“गाव काय ते तुमचं तुम्ही बघा. आक्का चौतीस वर्षं थांबल्यात.”

“त्यांना माहीत तरी आहे का, पत्र आलंय ते?”

“म्हणूनच तर,” बिनचूक म्हणाले. पाकीट खिशात घातले आणि जिना चढून निघून गेले. मी “थांबा!” म्हणालो, पण विहित नमुन्यात म्हणालो नाही, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

पत्र संध्याकाळच्या आत पोहोचले. ते धाकट्या बहिणीचे होते. लग्नातल्या कसल्याशा मानपानावरून दोघींत बिनसले होते. ‘आक्का, माझंच चुकलं. तू ये म्हणालीस तर येते. उत्तर नाही आलं तर समजेन, राग गेला नाही.’ एवढाच मजकूर. आक्कांना वाटत होते, धाकटी गर्वाने फुगली. धाकटीला वाटत होते, थोरली दगड झाली. मला हे ऐकून गलबलून आले, हे मी लपवत नाही. (बैठकीच्या इतिवृत्तात ते घेतलेले नाही.) आक्कांनी त्याच दिवशी ‘ये’ म्हणून लिहिले. पत्र घेऊन बिनचूक स्वतः डोंगर उतरले, आणि आठवड्याभरात धाकटी सामानासकट वर राहायला आली. प्रवाशांची संख्या एकाने वाढली.

समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी विषय अत्यंत सहानुभूतीने हाताळला. पत्र पोहोचले, म्हणजे ‘गाव सापडले नाही’ हा शेरा खोटा ठरला. शेरा खोटा, म्हणजे पुरावा खोटा.

“अहो, पण पत्र पोहोचलं म्हणजे गाव आहेच की!” अभिलेखपाल बाई न राहवून म्हणाल्या.

“पोहोचलेल्या पत्रांची नोंद आपण धरत नाही, बाई,” अध्यक्ष म्हणाले, आणि चहा आला.

गाव यादीतून वगळण्यात आले. खाण सुरू झाली आहे. दगड चांगल्या प्रतीचा आहे.

इथे तुम्हाला हळहळ वाटली असेल, समितीला चार शिव्याही हासडाव्याशा वाटल्या असतील. वाचकाचे मन मोठे असते, याची समितीला पूर्ण कल्पना होती. म्हणूनच वगळायच्या गावांची यादी आम्ही आधी वर्तमानपत्रात छापली. पान सात, शब्दकोड्याच्या शेजारी, ठळक टायपात: यांपैकी कोणत्याही गावासाठी बाहेरच्या कोणाही नागरिकाने तीस दिवसांत एक साधे पोस्टकार्ड टाकले, तरी ते गाव कायम राहील. (गावकऱ्यांना आणि आम्हाला असे कार्ड टाकायची मुभा नव्हती; गरजूंचे आणि सरकारी नोकरांचे मत धरायचे नाही असा दंडक आहे.)

त्या दिवशीच्या शब्दकोड्यात आडवे सतरा चुकले होते. त्याबद्दल वर्तमानपत्राकडे चारशे सहा पत्रे आली, आणि मी त्यांच्या कचेरीत जाऊन ती एकूण एक उघडून पाहिली, न जाणो एखाद्यात तुम्ही शेवटी एक ओळ गावासाठीही लिहिली असेल म्हणून.