क्षेमकल्याणी सरांची जिज्ञासा-चाचणी

"खेड्यातल्या प्रौढांना जिज्ञासा नसतेच!"

प्रा. ललित क्षेमकल्याणी यांनी हा निष्कर्ष प्रयोगाआधीच टाइप करून ठेवला होता. आधी शेवट, मग पुरावे! गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून त्यांनी पेठ तालुक्यातल्या बायांचं अंतर्मन ओळखलं होतं. २००३ सालच्या पीएचडीला याहून जास्त काय लागतं?

प्रयोग सोपा होता. एक अवघड प्रश्न विचारायचा. उत्तर कळावं असं किती वाटतं, ते एक ते सात आकड्यांत सांगायला लावायचं. मग उत्तर सांगून टाकायचं आणि आठवड्यानं येऊन कोणाला काय आठवतं ते तपासायचं. ज्याची उत्सुकता जास्त, ते डोक्यात जास्त टिकतं, असं मानसशास्त्रज्ञ म्हणतात. सरांचं म्हणणं, इथे उत्सुकताच नाही, तर टिकणार काय, कप्पाळ!

पाड्यावर साक्षरता वर्गाच्या वीस बाया शाळेच्या ओट्यावर जमल्या.

"तीन हृदयं कोणत्या प्राण्याला असतात? उत्तर कळावं असं किती वाटतं? एक ते सात?"

"एक," पुढे बसलेली लंकाबाई म्हणाली. मागून सगळ्यांनी "एक, एक" केलं.

"ऑक्टोपसला! समुद्रात असतो."

"बरं," नवसाबाई म्हणाली, जसं काही सरांनी आपल्या मामेसासूचं नाव सांगितलं होतं.

दहा प्रश्न झाले, दहाही वेळा एक! सर पुरणपोळीसारखे फुगले. एसटीला अजून दोन तास होते. त्यांनी कागद आवरले, तशा बाया सरकत सरकत जवळ आल्या.

"सर, ह्या कागदांचं काय करनार?"

"पीएचडी."

"ती झाली का मंग काय व्हतं?"

"बढती मिळते."

"अन् ह्या कामावर देखरेख कोनाची हाय?"

सरांना गंमत वाटली. ह्यांना सांगितलं काय आणि ओट्याला सांगितलं काय! बरेच दिवस मनात साचलेलं त्यांनी मोकळं केलं. बाया शंभर हव्यात, पण उरलेल्या ऐंशींचे फॉर्म आपण घरीच पंख्याखाली बसून भरणार. गाईड आहेत डॉ. उत्तरा गायधनी मॅडम, त्यांना आकडेवारीतलं ओ की ठो कळत नाही. त्यांचे तक्ते आपणच करून देतो. शिवाय चर्चासत्रात त्या घोरतात!

बाया कान टवकारून ऐकत होत्या.

पुढच्या गुरुवारी गायधनी मॅडमनी स्वतःच यायचं ठरवलं. सर खूश! मॅडमच्याच मारुतीतून दोघं पाड्यावर पोचले.

"तीन हृदयं कोणाला असतात?" सरांनी विचारलं.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. "म्हशीला?" नवसाबाईनं अंदाज केला.

"पाहिलंत मॅडम? शून्य!"

मॅडम बायांकडे वळल्या. "मागच्या गुरुवारचं काहीच आठवत नाही का हो?"

"आठवतं ना! सगळं आठवतं!" अक्काबाई म्हणाली. "ऐंशी कागद सर घरीच भरनार हायेत."

"पंख्याखाली बसून," दुसरीनं दुरुस्ती केली.

"मॅडम, एसटी..." सर म्हणाले. मारुतीतून आलेला माणूस!

"त्यांच्या गाईडबाईला आकडेमोड येत नाय," लंकाबाई म्हणाली. "तक्ते सरच करत्यात. अन् ती बाई सभेत घोरती. लय मोठ्यानं. सरांनी आवाज काढून दावला व्हता."

"काढून दाखवा ना सर!" नवसाबाईनं आग्रह केला.

सर घोरले नाहीत. आवरलेले कागद ते पुन्हा आवरू लागले.

"हे ऐकायची उत्सुकता किती होती? एक ते सात?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"सात!" वीस बाया एका सुरात म्हणाल्या.

"मला आकडेवारी कळत नाही," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या, "पण वीस वेळा सात एवढं मोजता येतं. उरलेल्या ऐंशी बाया याच तालुक्यात शोधा, सर. एकेकीला भेटा. चालत."

मारुती धूळ उडवत गेली. सर ओट्यावर टेकले. वीस जणी पुन्हा सरकत सरकत जवळ आल्या.

"सर, त्या बाई कोन व्हत्या?"

सरांनी घशातल्या घशात सांगितलं. बायांनी तोंडाला पदर लावले.

"मंग आता तुमचं काय व्हनार?" लंकाबाईनं अगदी मनापासून विचारलं.

"माहीत नाही."

"कळलं का सांगायला या हां," ती म्हणाली. "येत्या गुरुवारी. आमी सगळ्या इथंच बसतो."