टोपडं घातलेली खिडकी

तायडे साहेबांचा कॅमेरा टोपडं घालतो. थट्टा करत नाही. तान्ह्या बाळाच्या डोक्याला बांधतात तसं, दोन नाड्यांचं, आतून मऊ, बाहेरून फुलाफुलांच्या छिटाचं टोपडं. ते पुढच्या भिंगाला नसतं. त्याला साधं झाकण आहे आणि ते दोनदा एसटीत हरवलं तरी साहेबांना काही वाटलं नाही. टोपडं असतं मागे, आपण डोळा लावतो त्या चौकोनी काचेला. तिच्या आत नखाएवढा विजेचा पडदा असतो. डोळा जवळ नेला की तो आपोआप उजळतो. दुकानदार त्याला व्ह्यूफाइंडर म्हणतात. तायडे साहेब म्हणतात, खिडकी.

माझं अमरावतीला राजापेठेत चष्म्याचं दुकान आहे. तायडे साहेब माझे शेजारी, पाटबंधारे खात्यात नकाशे काढता काढता निवृत्त झालेले. दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला दुकानात हजर. "जयभीम भाऊ" म्हणत काउंटरवरचं माझं सामान बाजूला सारतात, घरचं फडकं अंथरतात आणि टोपड्याच्या नाड्या सोडतात. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर त्यानं थांबायचं. पंखाही बंद करायचा, धूळ उडते म्हणून. मे महिन्यात अमरावतीत पंखा बंद करून बसून बघा, म्हणजे माझी सहनशक्ती कळेल.

खिडकी पुसायची रीत ठरलेली. आधी रबरी फुग्यानं हवा. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. मग मऊ कुंचला. मग कापडाच्या टोकाला औषधाचा एकच थेंब. थेंब कापडावर, काचेवर नाही, नाही तर कडेनं आत झिरपतो. मग मधून बाहेर गोल गोल, इतक्या हलक्या हातानं की बघणाऱ्याला पेंग यावी. काचेभोवतीच्या रबरी कडेला ते पापणी म्हणतात. ती काढून साबणाच्या पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची. मी एकदा घाईघाईनं माझ्या पुसण्यानं काच पुसायला गेलो तर मनगट धरलं.

"काहून घासून राह्यले भाऊ? कढई आहे का ते? पहिले हवा, मंग कापड."

हे 'पहिले हवा, मंग कापड' त्यांच्या लेखी सगळ्याला लागू. दुकानाच्या पाटीवरून माझं आणि माझ्या भावाचं वाजलं, तेव्हा मी तणतणत त्याच्या घरी निघालो होतो. साहेबांनी मला आधी चौकातून दोन चकरा मारायला लावल्या. म्हणाले, "धूळ असताना घासलं का ओरखडा पडते." भाऊ अजून माझ्याशी बोलतो, तो त्या दोन चकरांमुळे.

उन्हाची धास्ती तर विचारूच नका. "खिडकी उन्हात उताणी पडली का खलास. भिंगानं कागद जळते ना, तसा आतला पडदा जळते. पाच मिनिटं लागत नाई." असा डाग पुन्हा जात नाही आणि त्या जुन्या कॅमेऱ्याचा पडदा आता कुठं मिळतही नाही. त्या नखाएवढ्या तुकड्यात या माणसाचा जीव अडकलेला होता. म्हातारपणची हौस, असं मी समजत होतो.

आता एवढी निगा राखणाऱ्याचे फोटो कसे असावेत? स्वच्छ, ठळक, सुरेख. फक्त त्यातल्या माणसांचे डोळे मिटलेले. सगळ्यांचे. आमच्या कॉलनीचे अल्बम चाळले तर वाटावं, इथली माणसं उभ्या उभ्या झोपतात आणि काहीतरी गोड स्वप्न बघतात. नवरदेव झोपलेला, भटजी झोपलेले, हार घालणारा झोपलेला आणि घालून घेणाराही. पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकतानाचा माझा एक फोटो आहे. त्यात माझ्या तोंडावर जे सुख आहे ते जागेपणी मला कधी लाभलेलं नाही. मी विचारलं, "साहेब, बटण दाबताना माणसाकडे बघत नाही का?" तर म्हणाले, "पाह्यतो ना. चांगलेच दिसता तुमी मले."

फोटो काढताना ते चष्मा खिशात ठेवतात, फ्रेम घासून खिडकीला ओरखडा पडू नये म्हणून. नंबर उणे अडीच, मीच काढलेला. त्यांच्या बायकोचा, सुलोचनावहिनींचा नंबरही पूर्वी मीच काढायचो, अधिक दोन. पण तीन वर्षांत वहिनी दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. दुसऱ्या दुकानात जात असतील, असं समजून मी मनात अढी धरून होतो. चष्मेवाल्याला रुसायला तेवढं पुरतं.

गेल्या मे महिन्यात अकोल्याला माझ्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. गच्चीवर मांडव, भर दुपार, आणि ऊन असं की मंडळी बोलायचीही थांबलेली. तायडे साहेब तोंडावर पाणी मारायला खाली गेले आणि जाताना कॅमेरा माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "टोपडं सोडू नका," एवढंच म्हणाले.

मी सोडलं. कबूल करतो. खिडकीला डोळा लावला तर सगळं धूसर. तिच्या बाजूला एक इवलंसं चाक असतं. ते फिरवून ज्याला त्याला आपला नंबर जुळवता येतो. साहेबांनी त्यावर चिकटपट्टी लावली होती. आणि चाक कुठं? अधिकच्या बाजूला. उणेवाला माणूस आणि चाक अधिकवर. म्हणजे इतकी वर्षं त्यांना खिडकीतून कोणाचा चेहराच धड दिसत नव्हता, मग मिटलेले डोळे कुठून दिसणार? मला हसू आवरेना. धंद्याचा हात, तो स्वस्थ बसेना. चिकटपट्टी उचकटली आणि चाक त्यांच्या उणे अडीचला आणून ठेवलं. तेवढ्यात जेवायची हाक आली. मी कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि उठलो. उताणा, बिनटोपड्याचा, आणि वर मांडवाचं कापड नेमकं तिथंच फाटलेलं.

साहेब परत आले तेव्हा मी वरणबट्टी खात होतो. त्यांनी कॅमेरा उचलला, वरच्या फाटक्या कापडाकडे बघितलं आणि टोपडं बांधलं.

परतीच्या एसटीत ते कॅमेरा मांडीवर धरून बसले. मूर्तिजापूर मागे पडलं. बाहेर नांगरून ठेवलेली काळी वावरं, त्यावर हवा थरथरत होती आणि लांबची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. अख्खी गाडी झोपली होती, साहेबांच्या फोटोतल्यासारखी. मला वाटलं, आपल्या उपकाराची आठवण द्यावी.

"साहेब, चाक मी नीट करून दिलं बरं का. आता तुम्हाला स्पष्ट दिसेल."

ते माझ्याकडे वळले. "कायले हात लावला भाऊ?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ते चाक माह्यासाठी नव्हतं. सुलोचनाचं होतं."

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. "तिच्या डोयात कडेकडेनं अंधार भरून येऊन राह्यला. मधात एक भोक उरलं. दिवस मावळला का तेबी बंद. डॉक्टर म्हणे इलाज नाई. चष्म्यानं काई होत नाई, म्हणून सुलोचना तुमच्याकडं येत नाई. पण या खिडकीत पुरी गल्ली एवढीशी होऊन येते, अन् उजेडबी जास्त दिसते. तेवढ्या भोकात बसते. दिवेलागणीले अर्धा घंटा पाह्यते ते. दोन दिवस लागले होते तिचं चाक जुळवाले."

"आणि तुम्ही फोटो काढताना?"

"मले काय पाह्यचं आहे? मी अंदाजानं दाबतो."

मी तीन वर्षं धरलेली अढी मला आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. पावलांवरून ओळखलं त्यांनी. "चष्मेवाले भाऊ आले का जी? लय दिवसानं." टोपडं त्यांनीच शिवलेलं, हातानं चाचपून, नाड्याही त्यांनीच सोडल्या. मी डोळा लावला. वरच्या उजव्या कोपऱ्यात मसुराच्या डाळीएवढा पिवळा ठिपका. हवा मारली. ठिपका तसाच. कापड फिरवलं, अगदी साहेबांसारखं, मधून बाहेर. तसाच. माझे हात थांबलेले बघून साहेब हळूच म्हणाले, "डाग राह्यला का?" मी मानेनंच हो म्हटलं. "असू द्या. पहिले तिचं चाक जुळवा."

वहिनींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मी केसाकेसानं चाक फिरवत विचारत राहिलो. आता? आता?

"थांबा. आलं." त्यांचा श्वास मोकळा झाला. "भाजीवाली जाऊन राह्यली. निंबावर साळुंकी बसली." मग जरा थांबून, "वर उजव्या हाताले पिवळं काय आहे जी?"

साहेब चटकन म्हणाले, "शुक्र उगवला असंल."

वहिनींनी कॅमेरा सावकाश वळवला. गल्ली, फाटक, घराची भिंत. "भिंतीवरबी शुक्र उगवला का? डाग पडला म्हणून सांगा ना सरळ."

"वहिनी, माझ्या हातून पडला तो," मी म्हणालो.

"मंग तोंड काहून पाडता भाऊ? गल्ली दिसते ना मले. वरून जिकडं पाह्यलं तिकडं चांदणी." एवढं बोलून त्यांनी कॅमेरा नवऱ्याकडे फिरवला आणि वरून खाली हळूहळू नेला. "किती वाळले जी तुमी. अन् डोळे काहून मिटले?"

"नाई मिटले."

"मिटले. मले दिसून राह्यलं. उघडा, फोटो काढू द्या मले."

तो फोटो मी मागून आणला. माझ्या दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावलाय. थोडा वाकडा आलाय, एक कान कापला गेलाय. पण कॉलनीतल्या त्या सगळ्या झोपलेल्या माणसांत तायडे साहेब तेवढे टक्क जागे आहेत, आणि जिच्याकडे बघताहेत तिला ते दिसताहेत.