मगदूम सर आणि लोहाचे पावणे

मगदूम सरांना नमस्कार करायचा तर डोळे सांभाळून करावा लागतो. आपण हात जोडतो, तेवढ्यात सरांचा अंगठा आपल्या डोळ्याखाली पोचलेला असतो. खालची पापणी ओढून आतला रंग बघितल्याशिवाय ते माणसाशी बोलत नाहीत. रंग लालबुंद असला की "झकास! बसा." फिका दिसला की "कोण खातंय तुमचं लोह?" एका लग्नात अक्षता टाकायला म्हणून वर गेले आणि त्यांनी नवरदेवाचीच पापणी ओढली. तो फोटो अल्बममध्ये आहे.

सर कोल्हापुरात, कसबा बावड्यात आमच्या शेजारी राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. दुसऱ्याच्या शरीरात राहणारे जंत तिथलं लोह कसं पळवतात, एवढाच त्यांचा जन्मभराचा अभ्यास. वर्गात म्हणे शुद्ध बोलायचे, आमच्या कट्ट्यावर मात्र अस्सल हातकणंगल्याची गावाकडची बोली. "लोह असं भिंतीतनं आत जात न्हाय. पेशीच्या पापुद्र्यात प्रथिनांची दारं असत्यात. लोह आलं की दार उघडतंय. माणसाला हायत तशी जंताला बी हायत की!" सोसायटीच्या वॉचमनलाही ते प्रथिनच म्हणतात. "आमचं प्रथिन झोपलंय" असं ऐकू आलं की भटकी कुत्री आत शिरली असं आम्ही समजतो.

आम्ही खूप हसायचो. मग आमची गौरी फिकी पडली.

अकरावीतली, खो-खो खेळणारी पोर जिना चढताना धापा टाकायला लागली. तपासणीत रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी शौचाचीही तपासणी सांगितली होती. ती गौरीनं लाजून टाळली आणि आम्ही टाळू दिली. बायकोनं कोल्हापुरी इलाज काढला, रोज मटणाचं अळणी सूप. पोर आणखीच फिकी. मी मोबाईलवर चोरून नाही नाही ते आजार वाचत बसायचो. त्यातल्या एकाचं नाव तर मी बायकोजवळही काढलं नाही. फार भीती वाटत होती.

एका सकाळी सरांनी जिन्यातच गौरीची पापणी ओढली, आणि नेहमीसारखे ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाळ, पावसात अनवाणी कुठं फिरलीस?"

"गगनबावड्याला, आजोळी. भातलावणीला गेलते."

जन्मभर कांदासुद्धा न खाल्लेले सर नाकाला रुमाल लावून थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले. "वैनी, पातेलं उतरवा! पोरीला न्हाय, पावण्यांना जेवू घालताय तुम्ही! चिखलातनं तळपायात शिरल्यात आन् आतड्याला चिकटून रक्त पित्यात. तुम्ही वाढताय, त्येंची दारं उघडीच!" मग खिशातून एक रिकामी डबी काढून गौरीसमोर धरली. "उद्या सकाळी. लाजायचं न्हाय."

लाजून लाल व्हायला तिच्यात रक्तच नव्हतं.

रिपोर्टात जंत निघाले. डॉक्टर म्हणाले, आधी जंतांचं औषध, मग लोहाच्या गोळ्या, पोर ठणठणीत होईल. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि हसतच सुटलो. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. पोरीच्या पोटात जंत निघाले म्हणून पेढे वाटणारा कोल्हापुरातला मी पहिलाच बाप असेन.

दिवाळीपर्यंत गौरी पुन्हा पळायला लागली. फराळाचं ताट घेऊन आम्ही सरांकडे गेलो. सर एकटेच असतात. पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. ताट बाजूला ठेवून सरांनी आधी पापणी ओढली.

"लालबुंद! झकास!"

"आता तुमची दाखवा," गौरी म्हणाली. "सगळ्यांची बघताय, तुमची कोण बघतंय?"

सर गडबडले. "आमची कोण बघणार? आरशात बघतो की मी." पण ती हटेना. शेवटी ते तिच्यापुढे वाकले. तिनं अंगठ्यानं हळूच पापणी ओढली.

"लाल हाय की, सर!"

तिनं हात काढून घेतला. सर मात्र तसेच वाकून उभे होते.

"दुसरा डोळा बी बघ की," ते म्हणाले.