पाहुण्यांची फळी

आमचे शेजारी गफूरचाचा लोखंड चाटून बघतात. अतिशयोक्ती करत नाही. कुणी गंजका, बेवारशी सुटा भाग आणून दिला की चाचा तो आधी लुंगीला पुसतात, मग हुंगतात, जिभेचं टोक लावतात आणि कानाशी धरून टिचकी मारतात. मग सांगतात, "शक्तिमान ट्रकचा. क्लचजवळचा." आणि तो तिथलाच निघतो.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे त्यांचं दुकान, भिंतीपलीकडे माझं घर. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे ही रीत मला स्वस्थ बसू देईना. एकदा खनपटीलाच बसलो तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "सर, ओळखतो हाताने. चाटतो गिऱ्हाइकासाठी."

लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या जीप आणि ट्रक हा चाचांचा प्रांत. दुकानाचा कायदा एकच. ज्या भागाची ओळख पटली नाही, तो विकायचा नाही. तो 'पाहुणा'. पाहुण्यांसाठी वेगळी फळी, आणि दर शुक्रवारी नमाजाहून आले की प्रत्येकाला तेलाचं बोट. "पाहुणा कुठला ते कळल्याबिगर त्याला कुणाच्याही गाडीत कसा बसवू?" असं ते मला विचारत, आणि उत्तराची वाटही बघत.

बहुतेक पाहुणे महिन्याभरात मार्गी लागत. एक मात्र चार वर्षं ठाण मांडून होता. वीतभर लोखंडी दांडी, एका टोकाला वाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला भोक. रोज दुपारी चारला या दांडीवर परिषद भरायची. सभासद दोनच, चाचा आणि त्यांचे जुने दोस्त एकनाथनाना. नाना निवृत्त टर्नर. घरून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून आणत.

"हाई तोफनं शे, मी सांगस तुले!"

"एवढीशी मूठ? मच्छर मारायची तोफ का, नाना?"

नाना चिडत, चहा पीत आणि दुसऱ्या दिवशी नवी आकृती घेऊन हजर होत. मीही शाळेतून येताना डोकावत असे. खरं सांगतो, त्या दांडीने मलाही छळलं होतं.

गेल्या महिन्यात पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. फळीवरची दांडी बघून त्यांचे डोळेच चमकले. चाचांनी ती काढून घेतली. "पाहुणा आहे. ओळख पटली नाही." शौकीन हिरमुसून बाहेर आले आणि मला मोबाइलवर एका जीपचा फोटो दाखवला. पूर्वी वायपर हाताने फिरवायचे, त्याची ही मूठ. काचेवर तशीच दांडी होती, वाकडी मूठ आणि भोकासकट.

मी धावतच दुकानात शिरलो. "चाचा, वायपर! हाताने फिरवायचा वायपर!"

चाचांनी आधी घड्याळ पाहिलं. चारला दहा मिनिटं होती.

"हळू बोला, सर. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मला धड रागही येईना.

"नानाची बायको, आपली अक्का गेली, तेव्हापासून तो घराबाहेर पडत नव्हता," चाचा दांडी पुसत म्हणाले. "बोलणंही बंद. मी दोनदा गेलो, भिंतीकडे तोंड करून पडलेला. तिसऱ्यांदा ही घेऊन गेलो. म्हटलं, नाना, मला काही समजत नाही, तूच बघ. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो उठून बसला. त्या साहेबाला मी दुसरी शोधून देईन. ही गेली तर नाना कशासाठी येईल?"

"तुमच्यासाठी येतील की!"

"आला असता तर दांडी कशाला लागली असती?" चाचा म्हणाले. मग मान खाली घालून पुटपुटले, "आणि चारनंतर मी तरी कुणाशी बोलू? पोरं सुरतला."

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. नाना आकृती फडकवत आत आले. "गफूर, आज कळनं माले!" मग माझ्याकडे वळले. "सर, तुमले काय वाटस?"

चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांनी दांडी माझ्यापुढे धरली.

मी दांडी घेतली, हुंगली, जिभेचं टोक लावलं, कानाशी धरून टिचकी मारली.

"ब्रेकचं काहीतरी असावं, नाना."

"तुमले काहीच समजत नई!" नाना खदखदून हसले आणि माझ्यासाठीही चहा सांगितला.