नग क्रमांक दोनशे बारा

विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या लगद्याच्या बाईने सोमवारी सकाळी पोटातलं मूल द्यायला नकार दिला.

बाई म्हणजे शरीररचना शिकवायची प्रतिकृती: कागदाच्या लगद्याची, शंभरेक वर्षांची, नववा महिना लागलेली. पोटाला चार पितळी आकडे. ते काढले की पोट झाकणासारखं उघडायचं; आत मूल, डोकं खाली. शिपाई भागूबाई खंडारे एकतीस वर्षं ते आकडे काढत-लावत आल्या होत्या.

दुसऱ्या गावच्या कॉलेजने मूल मागितलं होतं, कायमचं. त्यांच्याकडेही अशीच बाई होती. तिचं मूल हरवलं होतं.

“तिचं दुःख मला कळतं,” लगद्याची बाई म्हणाली. “म्हणून माझं काढून तिचं पोट भरायचं?”

संग्रहालयाचे प्रमुख निलजकर सर नोंदवही घेऊन आले. “आई नग दोनशे अकरा, मूल नग दोनशे बारा. वेगळे नग वेगळे पाठवता येतात.”

“कुठल्या दिवट्याने केली ही नोंद?” भागूबाई कडाडल्या. “पोटातलं लेकरू कुणी वेगळं मोजतं का?”

“दरवर्षी तुम्हीच तर बाहेर काढता, भागूबाई.”

खरंच होतं ते.

“पोरं शिकतात म्हणून मी देत होते,” लगद्याची बाई म्हणाली. “उलटंसुलटं धरायची, एकदा तर पाडलं. पण तासाभरात परत पोटात यायचं.”

सरांनी नोंदवहीतला नियम वाचून दाखवला. पडताळणीत दोन नग वेगळे झाले नाहीत, तर ते एकच धरावेत. “उघडा.”

भागूबाईंनी आकडे काढले, मुलाखाली हात घातले. मूल सैल होतं, नेहमीसारखं अलगद आलं असतं. त्यांनी हात काढून घेतले.

“निघत नाही, सर.”

“नीट ओढा ना.”

“तुम्ही ओढा. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

सरांनी चष्मा सावरला आणि उजवा हात आत घातला. मुलाने त्यांचा अंगठा धरला.

हात सुटेना, तेव्हा सरांनी डाव्या हाताने दोनशे बारा खोडून दोनशे अकरासमोर लिहिलं, ‘एकूण नग एक.’ शेजारी ‘स्थिती’चा रकाना होता. त्यात लिहिलं, ‘नववा महिना चालू.’

कॉलेजला नकार कळवला. पत्राच्या शेवटी, लगद्याच्या बाईच्या सांगण्यावरून, तिकडच्या बाईंची विचारपूस केली.

पाच वाजता, संग्रहालय बंद व्हायच्या वेळी, मुलाने अंगठा सोडला. भागूबाईंनी आकडे लावले.