टेलला कोन हाये?

आमच्या शेजारच्या आप्पांकडे चहाला जायचं असेल तर शक्यतो दाराशी, चपलांजवळ बसावं. आत पंख्याखालच्या मानाच्या खुर्चीत बसलात, तर तुमच्यापर्यंत येईतो चहावर साय धरते. आप्पा ट्रे घेऊन मधोमध उभे राहतात, सगळ्यांवरून नजर फिरवतात आणि विचारतात, "टेलला कोन हाये?" मग पहिला कप दारातल्याला, आणि तिथून उलटं येत येत शेवटचा मानाच्या पाहुण्याला. त्यांच्या पुतणीला बघायला मंडळी आली, तेव्हा जीपचा ड्रायव्हर दोन कप पिऊन मोकळा झाला आणि नवरामुलगा कोरडाच राहिला. सोयरीक तरीही जमली. त्यात आप्पांचं श्रेय काही नाही.

आप्पा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे चाऱ्यांची दारं उघडून शेतकऱ्यांना पाळीपाळीनं पाणी देणारे. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान असतं तो पोटभर पाणी घेतो आणि अगदी शेवटी, टेलला ज्याचं रान असतं, त्याच्या वाट्याला चिखल येतो. ही जगरहाटी आहे. आप्पांनी नोकरीभर ती उलटी चालवली. आधी टेल, मग मधले, मग तोंडाजवळचे. त्यापायी एका बागायतदाराने त्यांची सायकल कालव्यात टाकली होती. "वाहत वाहत टेललाच गेली. टेलवाल्यानंच काढून देली," हे आप्पा अजून छाती फुगवून सांगतात.

नोकरी संपली, खोड राहिली. लग्नात आप्पा वाढपी असले की बुंदी शेवटच्या पानापासून निघते आणि व्याही ताटकळतात. लग्नपत्रिकासुद्धा ते खालून वर वाचतात. त्यामुळे 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली त्यांना आधी कळते, आणि लग्न कुणाचं ते चष्मा पुसून झाल्यावर.

अशा या माणसाची गाठ बंडूशी पडली.

बंडू आमच्याच गावचा. चार वर्षं पुण्यात राहून परत आला आणि येताना एक कल्पना घेऊन आला. त्याच्या रानात एक जुनी बारव आहे, पायऱ्यांची विहीर. तिची गोष्ट आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असते. बारव खणली, पाणी लागेना. कुणीतरी सांगितलं, घरची सून द्या. मग नव्या सुनेला दिवा लावायला म्हणून खाली धाडलं, पाणी उसळलं, आणि वर उभ्या असलेल्यांपैकी कुणी हात दिला नाही. अमावास्येला तिच्या बांगड्या वाजतात म्हणतात. मी काही ऐकल्या नाहीत, पण त्या बाजूने जाताना सायकलची घंटी जरा जास्त वाजवतो.

बंडूला तिथे 'भूतवन' काढायचं होतं. हाडांचे सापळे, लाल दिवे, झाडाला लटकणारे हात, आणि मुख्य म्हणजे मोटारीवर चालणारी एक बाहुली. हिरवं लुगडं, मोकळे केस. लोक कठड्यावरून वाकले की ती खालून किंकाळी मारत वर यायची आणि परत बुडायची.

"सर," बंडू मला म्हणाला, "आजकाल लोकाला देव दाखवला की हात जोडून निघून जातात. भूत दाखवलं की थांबतात."

मी शाळेत मराठी शिकवतो. भोंग्यावर वाजायची गोष्ट लिहायचं काम बंडूने मला दिलं आणि मी ते आनंदाने घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. आयुष्यभर दुसऱ्यांची शुद्धलेखनं तपासलेल्या माणसाला स्वतःची किंकाळी लिहायला मिळाली होती. चार पानं लिहिली. शेवटच्या ओळीवर तर मी स्वतःच दचकलो.

बंडूने शाळेच्या एका वर्गात गावाची बैठक घेतली. सगळे खूष होते. बचत गटाच्या बायांना भाकरीचा स्टॉल मिळणार होता, भजीवाल्याला झाडाखालची जागा. गावात चार पोरांच्या हाताला काम लागणार होतं, आणि हे काही थोडं नव्हतं. कुणाला काही विचारायचंय का, असं बंडू म्हणाला, तेव्हा शेवटच्या ओळीतून आप्पांचा हात वर झाला.

"टेलला कोन हाये?"

"आप्पा, तुमीच तं बसलाव टेलला," बंडू म्हणाला. हशा झाला.

"मी न्हाई. माझ्या मांगं एक हाये."

सगळ्यांनी मागे पाहिलं. मागे खिडकी होती आणि खिडकीतून बंडूचं रान दिसत होतं. भजीवाला उठून दोन ओळी पुढे येऊन बसला.

"तिला पान्यासाठी एकडाव खाली धाडलं," आप्पा म्हणाले. "तुमी आता रोज धाडनार. दर अर्ध्या घंट्याला."

"आप्पा, ती बाहुली हाये. मोटारीवर चालते."

"मंग बाहुली तुह्या पणज्याची कर. बारव तुमच्याच रानात हाये. वर उभं राहून पाहनारे तुमचेच व्हते."

बंडूचं तोंड उतरलं. "आमच्या पणज्याला मधी काहून आनता?"

"तिला काहून आनतो मंग?"

यावर कुणाला हसू आलं नाही. बंडू जरा चिडूनच म्हणाला, "गोष्ट तं समदं गाव सांगतं. म्या सांगितली की पाप?"

"सांग ना. कोन न्हाई म्हनतं? पर तिला भूत काहून करतो? भूतं तं वर उभी व्हती."

बैठक तिथेच मोडली. गाव दोन दिवस आप्पांवर नाराज होतं. "म्हाताऱ्याला बराबर येळेवर आडवं येता येतं," असं भजीवाला मला म्हणाला. खरं सांगायचं तर मीही नाराज होतो. माझी किंकाळी वाया जाणार होती.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्याकडे आले. "लिव्हलेलं वाचा," म्हणाले. मी पहिलं पान उचललं, तर त्यांनी बोटाने चौथं दाखवलं. मी निमूटपणे शेवटचं वाक्य वाचलं. 'आणि आजही अमावास्येला ती आपला पुढचा बळी शोधत फिरते.'

"कशावरून?" आप्पांनी विचारलं. "कोनी न्यायला आलं का, ते पाहत फिरत असंल."

मी पेनाचं टोपण काढलं.

"नाव काय तिचं?"

"नाव गोष्टीत नाही, आप्पा."

त्यांनी माझ्या टेबलावरची खडूची डबी उघडली, परत झाकली. मग म्हणाले, "गया लिव्हा."

मी 'ती' खोडून 'गया' लिहिलं. पुढच्या ओळीतही, त्याच्या पुढच्याही. मग म्हणाले, आता वाचा. मी वाचायला लागलो आणि 'गया किंचाळली' इथे अडलो. नाव आल्यावर मला ते वाचवेना. सोळा-सतरा वर्षांची एक पोर हातात दिवा घेऊन पायऱ्या उतरत होती, आणि मी वर बसून तिच्या तोंडी किंकाळ्या घालत होतो. मला मनापासून लाज वाटली. चारही पानं मी त्यांच्यादेखत फाडली.

बंडूने आठवडाभर आप्पांशी अबोला धरला. पण पोरगं मनाने वाईट नाही, आणि पणज्याची गोष्ट त्याला लागली असावी. सापळे आलेच नाहीत. बाहुली मात्र येऊन पडली होती, ती त्याने तुरीत बुजगावणं म्हणून उभी केली. तेव्हापासून रानडुकरं तिकडे फिरकली नाहीत, आणि तुरीत निंदायला बायाही मिळेनात. भूतवनाच्या जागी झोके आले, बैलगाडीची फेरी आली, पिठलं-भाकरी आली. बारवेला कठडा आणि पाटी लागली. पाटीवर 'गयाची बारव' आणि खाली मी लिहिलेल्या चार साध्या ओळी. लोक भूतवनाला आले असते त्याच्या निम्मेच येतात. बंडू अधूनमधून हे आप्पांना ऐकवतो.

आप्पांनी एकच गोष्ट मागून घेतली होती. बारवेजवळच्या कडुलिंबाचा झोका नागपंचमीला रिकामा ठेवायचा. "काहून?" बंडूने विचारलं. "पाळी राखून ठेव," एवढंच आप्पा म्हणाले.

पंचमीच्या सकाळी आप्पा धुतलेलं धोतर, कडक टोपी आणि काखेत पिशवी अशा थाटात निघालेले मला दिसले. मुराळ्याचाच थाट. मुराळी म्हणजे सासरी जाऊन लेकीला सणाला माहेरी घेऊन येणारा. मी काकूंना, आप्पांच्या बायकोला, थट्टेने विचारलं, "आज कुणाला आणायला निघाले मुराळी?"

काकू उंबऱ्यात गव्हल्या पाखडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "गयाला."

"ती बारवेतली?"

"बारवेतलीला कुठं नाव व्हतं, सर? गया म्हंजी ह्यांची पाठची बहीन. पुसेगावाकडं देलती. नवीन लगीन, पहिली पंचमी. ह्यांनाच जायाचं व्हतं मुराळी. पर पावसानं ताण देलता, कालव्याला पाळी चालू, टेलला पानी पोचलं नव्हतं. हे म्हनले, दोन दिसानं जातो. ती बोचकं बांधून दारात बसून राहिली म्हनं. दोनाचे आठ दिस झाले, सन निघून गेला. दिवाळीच्या आत बाळंतपनात गेली." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "टेलला पानी पोचलं, सर. गया तेवढी राह्यली."

मी बारवेकडे गेलो. माहेरी आलेल्या पोरींनी बाकीचे झोके गच्च भरले होते, गाणी चालू होती, नंबरावरून भांडणंही चालू होती. लिंबाखालचा झोका मात्र रिकामा होता. त्याच्या फळीवर हिरव्या साडीची घडी, वर चोळीचा खण आणि बांगड्या, आणि आप्पा मागे उभे राहून त्याला हळूहळू झोके देत होते. माणसं पाहत उभी राहिली. बंडूने मोबाइल काढला. रिकामा झोका आणि म्हातारा, धंद्याच्या दृष्टीने त्याला याहून चांगलं दृश्य मिळणार नव्हतं. त्याने तो थोडा वेळ धरला, मग खिशात टाकला, पुढे झाला आणि त्याने एक झोका दिला.

आप्पांनी नेहमीसारखी सगळ्यांवरून नजर फिरवली. मी मागे, सगळ्यांच्या शेवटी, तोंड लपवून उभा होतो.

"सर, तुमी टेलला हाव," आप्पा म्हणाले. "या. एक झोका तुमी द्या."

मी गेलो. फळी फार हलकी होती. माझा झोका जरा जोराचा गेला आणि साडीची घडी कडेला सरकली. आप्पांनी लगबगीने दोर धरला, घडी सावरली आणि तिच्याशीच बोलावं तसं म्हणाले, "गये, नीट धर. आलो ना मी."