आगटेकाकांची परज

केक कापायला सुरी मागितली, तर आगटेकाका ती लगेच देत नाहीत. आधी बोटावर आडवी ठेवून तोल बघतात आणि विचारतात, "कापायचंय की भोसकायचंय? ते आधी ठरवा." माझ्या लेकीच्या सातव्या वाढदिवसाला मेणबत्त्या वितळेपर्यंत हेच चाललं होतं. "अंकल, जस्ट कट लाह," शेवटी तीच म्हणाली.

काका सिंगापुरात, मरीन परेडला आमच्याच मजल्यावर राहतात. हयात तुआसच्या कारखान्यात लेथवर गेली, आणि वेड कसलं, तर तीनचारशे वर्षांपूर्वीच्या युरोपियन फौजी तलवारींचं. घोडेस्वाराची वार करायला, पायदळाची खुपसायला, हे आता मलाही तोंडपाठ झालंय. खरी तलवार घरात ठेवायची म्हणजे परवान्यांची भानगड, म्हणून काका छत्रीवर भागवतात. एकदा लिफ्टमध्ये मला पवित्रा दाखवताना छत्रीचं टोक शेजारच्या चिनी आजींच्या भाजीच्या पिशवीत घुसलं. तेव्हापासून काका दिसले, की त्या पुढच्या लिफ्टची वाट बघतात.

काकांचा खरा जीव तलवारीच्या मुठीत. "पात्याचं कौतुक सगळेच करतात हो. हात शाबूत राहिला तर पातं! शिपायांचे लोखंडी हातमोजे गेले, तशी कारागिरांनी मुठीलाच बोटांवरून कमान घातली. आपण परज म्हणतो ती." हॉकर सेंटरमधल्या नूडल्सवाल्याच्या झाऱ्यालाही परज हवी, असं त्यांचं मत आहे. या माणसाला घरी काही काम नाही, असं मी मनात म्हणायचे.

सुमनकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, हात वर्षभरापासून थरथरतो. चमचा सुटतो, आणि कुणी भरवलेलं त्यांना चालत नाही. म्हणून त्यांनी चारचौघांत जेवणंच सोडलं. यंदा आमच्या गणपतीलाही येणार नाही, असा त्यांचा निरोप आला होता.

पण आल्या. पान वाढल्यावर त्यांनी पिशवीतून चमचा काढला. जाड लाकडी मूठ आणि बोटांवरून गेलेली स्टीलची परज, आतून मऊ कापड लावलेली. पकड सुटली, तरी चमचा हातातच राहत होता. काकूंनी वरणभात खाल्ला आणि पुन्हा मागून घेतला.

"अकरावा आहे," काका माझ्या कानाशी पुटपुटले. "आधीचे दहा तिने परत केले." मला माझीच लाज वाटली.

ते स्वतः मात्र जेवत नव्हते. नजर सगळी काकूंच्या मनगटावर.

"आता माझ्या हाताकडे बघू नका," काकू मान वर न करता म्हणाल्या. "भात निवतोय तुमचा."

काकांनी मान खाली घातली. मग वरणभात कालवायला घेतला.